तटावरून दिसणारा रस्ता

रील साधारण एकच असते. डॅशबोर्डवर टेकवलेला फोन, समोर गाडीची काच, काचेपलीकडे पांढुरक्या मातीचा वळणावळणाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना सायप्रसची सरळसोट झाडं. एक वळण, दुसरं वळण, मग टेकडीच्या माथ्यावर विटकरी-पिवळं गाव. घंटाघर, बुरूज, तटबंदी. मागे कुठलंसं जुनं इटालियन गाणं. रील संपते आणि पुन्हा पहिल्या वळणापासून सुरू होते. गावात ती कधीच शिरत नाही.

याला एक साधं व्यावहारिक कारण आहे. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांच्या वेशीपाशी झेडटीएलची पाटी असते, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही आठवड्यांनी घरी येते. त्यामुळे गाडी तटाखालच्या पार्किंगमध्ये लावायची आणि पुढचा चढ पायी चढायचा. गाव जिथे सुरू होतं तिथे ड्राइव्ह संपतो.

मी इटलीला गेलेले नाही. सान क्विरिको दोर्चाहून पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानोकडे जाणारा एसपी १४६ हा रस्ता मात्र मी इतक्या वेळा 'चालवला' आहे की त्याची वळणं मला आमच्या गल्लीसारखी ओळखीची वाटतात. माझं ज्ञान सगळं चित्रांमधून आलेलं आहे, तेव्हा बोलायचं तर चित्रांबद्दलच बोलावं. टेकडीवरच्या गावाकडे जाणारा रस्ता सिनेमात, पुस्तकात, भिंतीवर कसा दिसतो? आणि या सगळ्या चित्रांमध्ये कॅमेरा कायम खालीच का असतो?

अब्बास किआरोस्तमीचा 'सर्टिफाइड कॉपी' (२०१०) मी पहिल्यांदा पाहिला तो याच लोभाने. तोस्कानाचा प्रदेश, जुलिएत बिनोश, दुपारचा ड्राइव्ह. तिला या भूमिकेसाठी कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. गोष्ट थोडक्यात सांगायची तर जेम्स मिलर हा इंग्रज लेखक आपल्या पुस्तकाच्या इटालियन अनुवादाच्या निमित्ताने आलेला आहे. चांगली नक्कल ही मूळ कलाकृतीइतकीच मोलाची असते, असा त्याच्या पुस्तकाचा दावा. जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारी एक फ्रेंच बाई त्याला गाडीतून लुचिन्यानो या टेकडीवरच्या गावी घेऊन जाते. तिथे एका कॅफेची मालकीण त्यांना नवरा-बायको समजते. बाई ते खोडून काढत नाही. त्यानंतर हळूहळू दोघं पंधरा वर्षांचा संसार झालेल्या जोडप्यासारखे भांडायला लागतात. ते खरंच जोडपं आहे की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

पण मला बोलायचं आहे ते त्या ड्राइव्हबद्दल. गावातून बाहेर पडताना किआरोस्तमी कॅमेरा बॉनेटवर ठेवतो आणि आत बसलेल्या दोघांकडे वळवतो. आपल्याला रस्ता दिसत नाही. दिसतात ते दोन चेहरे आणि त्यांच्यावरून सरकत जाणारी जुन्या इमारतींची प्रतिबिंबं. घराच्या ओळी, आकाशाची पट्टी, पुन्हा घरं. ज्या देखाव्यासाठी आपण तिकीट काढलं, तो देखावा काचेवरचा डाग होऊन येतो आणि अधूनमधून बिनोशचा चेहरा पुसून टाकतो. दोघं कशाबद्दल बोलतात? तिच्या बहिणीबद्दल, बहिणीच्या तोतऱ्या नवऱ्याबद्दल, पुस्तकांवर करायच्या सह्यांबद्दल. जेम्स सायप्रसच्या झाडांचं कौतुकही करतो. झाडं आपल्याला मात्र नीट दिसू दिली जात नाहीत.

पहिल्या वेळी मी वैतागले होते. दुसऱ्या वेळी कळलं की पर्यटकाच्या गाडीचं इतकं प्रामाणिक चित्रण मी आधी पाहिलं नव्हतं. गाडीत बसलेला माणूस बाहेर बघतो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो काचेत स्वतःलाच बघत असतो आणि गाव त्याच्या तोंडावरून सरकून जातं.

तरी चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार शिल्लक राहतेच. लुचिन्यानोत किआरोस्तमीला भेटतात ते मुख्यतः नवरा-नवरीच. तिथल्या संग्रहालयात 'सोन्याचं झाड' म्हणून ओळखलं जाणारं एक जुनं धार्मिक शिल्प आहे. त्याच्यासमोर शपथ घेतली की लग्न टिकतं अशी समजूत आहे, म्हणून जोडपी रांगेने फोटो काढायला येतात. कॅफेची मालकीण शहाणपणाच्या चार गोष्टी सांगते, एक म्हातारा प्रवासी सल्ला देतो. बस. या गावात कोणाचा नळ गळतो का, कोणाच्या मुलाला नोकरीसाठी मिलानला जावं लागलं का, याची चाहूल नाही. नक्कल आणि अस्सल यांवर दोन तास वाद घालणारा चित्रपट गावाला मात्र सजवलेल्या मंडपासारखा वापरतो. शेवटच्या दृश्यात जेम्स हॉटेलच्या न्हाणीघरातल्या आरशात स्वतःकडे बघतो आणि निघून जातो. फ्रेममध्ये उरते खिडकी, पलीकडची छपरं आणि वाजणाऱ्या घंटा. माणूस बाजूला झाल्यावर गाव थोडा वेळ एकटं दिसतं. ते काही क्षण मला सगळ्या चित्रपटातले सगळ्यात खरे वाटतात.

आता त्या प्रसिद्ध नागमोडी रस्त्याकडे येऊ. पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर, लॅपटॉपच्या वॉलपेपरवर जो दिसतो, सायप्रसच्या ओळीने टेकडीवर चढत जाणारा, तो ला फोचे नावाच्या जमीनदारीच्या समोरचा. बघणाऱ्याला वाटतं, दांतेच्या काळापासून असाच असणार. तो विसाव्या शतकातला आहे. आयरिस ओरिगो ही अँग्लो-अमेरिकन लेखिका आणि तिचा नवरा अंतोनियो यांनी १९२०च्या दशकात वाल दोर्चा खोऱ्यातली ही ओसाड, चिकणमातीची जमीन घेतली. धूप थांबवली, शेतं आखली, शाळा काढली, दवाखाना काढला, सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुकाराकडून बाग करून घेतली. रस्ता आणि झाडं त्याच उद्योगाचा भाग. २००४ साली युनेस्कोने वाल दोर्चाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते माणसाने चित्रासारखा घडवलेला प्रदेश म्हणूनच.

इथे किआरोस्तमी पुन्हा आठवतो. त्याच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' (१९८७) मध्ये एक पोरगा मित्राची वही परत द्यायला टेकडीवरच्या नागमोडी पायवाटेने धावत जातो. इराणी सिनेमाची जणू खूण झालेली ती वाट किआरोस्तमीने चित्रपटासाठी मुद्दाम तयार करवून घेतली होती. इराणमधली वाट आणि वाल दोर्चातला रस्ता, दोन्ही 'सर्टिफाइड कॉपी'च. मला यात फसवणूक दिसत नाही. पोरगा खरंच धावतो, त्याला खरंच धाप लागते. प्रश्न एवढाच असतो की रस्ता कोणी, कोणाच्या घामावर, कशासाठी काढला.

तोस्कानात तो घाम मेत्झाद्रियाचा होता. आपल्याकडच्या अर्धेलीसारखी पद्धत: जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, पिकाचा निम्मा वाटा मालकाला. कुळाने राहायचं शेतातल्याच दगडी घरात, वर गावात नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं झपाट्याने शहरांकडे, कारखान्यांकडे गेली. १९६४ साली कायद्याने असे नवे करार करायला बंदी घातली. हजारो घरं रिकामी पडली, छपरं कोसळली. मग ती विकत घ्यायला आले जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन.

'अंडर द टस्कन सन' या गोष्टीचा पाया हाच आहे, पण ती ते फारसं मोठ्याने बोलत नाही. फ्रान्सिस मेझचं पुस्तक १९९६चं, डायान लेनचा चित्रपट २००३चा. मेझने कोर्तोनाजवळ 'ब्रामासोले' नावाचं पडकं घर घेतलं. चित्रपटातलं घर दुसरंच आहे, आणि कोर्तोनाच्या चौकातलं ते कारंजंही चित्रीकरणापुरतं उभारलेलं. या चित्रपटाला नाकं मुरडायची पद्धत आहे. मला तो आवडतो, मुख्यतः त्यातल्या पोलिश गवंड्यांमुळे. इटालियन शेतकरी निघून गेले, घर अमेरिकन बाईने घेतलं आणि भिंती बांधतात पोलंडहून आलेले मजूर: युरोपचा अर्ध्या शतकाचा इतिहास तिथे सिमेंट कालवत उभा आहे. कॅमेरा मात्र पुन्हा सूर्यफुलांकडे वळतो.

या सगळ्याच्या उलट्या टोकाला, सहाशेहून अधिक वर्षं मागे, एक भिंत आहे. सिएनाच्या नगरभवनात, नऊ कारभाऱ्यांच्या बैठकीच्या दालनात, आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम रंगवले. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर अर्ध्यात शहर आहे आणि अर्ध्यात खेडी-शेतं. मधोमध तट आणि वेस. वेशीतून एक रस्ता खाली उतरतो. युरोपीय चित्रकलेत उताराच्या रस्त्याचा इतका मोठा देखावा त्याआधी क्वचितच कोणी रंगवला असेल. पण नीट बघा, त्या रस्त्यावर कोण आहे. खाली उतरतायत घोड्यांवर बसलेले श्रीमंत, एकाच्या हातावर ससाणा. वर चढतायत ते शेतकरी. गाढवांवर गोण्या, आणि एक जण पाठीवर पांढरा पट्टा असलेलं काळं डुक्कर हाकत नेतोय. त्या जातीची डुकरं त्या भागात आजही पाळतात.

वेशीच्या वर हवेत एक पंखवाली बाई तरंगते. ती 'सुरक्षितता'. तिच्या एका हातात लिखित पट्टी आहे. सगळ्यांनी निर्धास्त प्रवास करावा, अशा अर्थाचा मजकूर असलेली. दुसऱ्या हातात छोटासा फास, आणि त्याला लटकलेला माणूस. समोरच्या भिंतीवर तिच्या जागी हातात तलवार घेतलेली 'भीती' आहे आणि खाली ओसाड शेतं.

मी या चित्राचे फोटो फोनवर बोटांनी मोठे करकरून पाहिले आहेत आणि दर वेळी त्या लटकलेल्या माणसाशी अडखळते. लोरेन्झेत्ती देखावा रंगवतो तो तटाच्या बाजूने. त्याच्या दृष्टीने रस्ता सुंदर आहे, कारण त्यावर कोण येतं-जातं हे वरून दिसतं. टेकडीवर गाव वसवण्यामागे हाच हिशेब होता. वाऱ्याची झुळूक नव्हे, नजर. शिवाय खालच्या सखल भागात हिवताप. आपण आज ज्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढतो, ते वळण वरच्या माणसाला फार पूर्वीपासून दिसत आलेलं आहे.

डोंगरावरच्या गावाकडे नेणारा सगळ्यात विलक्षण ड्राइव्ह मी वाचला तो कार्लो लेव्हीच्या 'क्राइस्ट स्टॉप्ड अॅट एबोली'त. तोरिनोचा हा चित्रकार, शिक्षणाने डॉक्टर, फॅसिस्टविरोधी. १९३५ साली त्याला दक्षिणेतल्या लुकानिया भागात स्थानबद्ध केलं. एका ऑगस्ट दुपारी खडखडणाऱ्या छोट्या मोटारीतून तो आलियानोला पोचला, तेव्हा हातांत बेड्या होत्या आणि सोबत पोलीस. (पुस्तकात गावाचं नाव गालियानो आहे, तिथल्या उच्चाराप्रमाणे.) खिडकीबाहेर तोस्कानासारखंच सगळं: टेकडी, वळणं, माथ्यावरची घरं. फक्त माती झिजून उघडीबोडकी झालेली, घरं दरीच्या काठावर लोंबकळणारी आणि प्रवाशाला थांबायचं की नाही हे ठरवायचा अधिकार नाही.

लेव्हीला गावाची हद्द ओलांडायची परवानगी नव्हती. तो रोज फिरायला जाई ते दफनभूमीपर्यंत, कारण मोकळं जाता येईल अशी तीच शेवटची जागा. तिथे तो चित्रं काढे आणि उन्हाच्या वेळी एका रिकाम्या खणलेल्या थडग्यात गारव्याला आडवा होई. पहाटे अंधारात शेतकरी गावातून निघत, तासन्‌तास चालत खालच्या हिवतापाच्या खोऱ्यात राबत आणि अंधारात परतत. हे तो वरून बघतो. देखावा तोच, पण पुस्तकभर तो पाय दुखण्याच्या भाषेत मोजला जातो. फ्रांचेस्को रोझीने १९७९ मध्ये यावर चित्रपट केला. जान मारिया व्होलोन्ते त्यात लेव्ही झाला आहे आणि तो जवळजवळ काही न करता फक्त ऐकतो, जे अभिनेत्याला फार अवघड असतं. लेव्ही १९७५ मध्ये गेला. त्याची कबर आलियानोतच आहे.

आता एक रस्ता असा, ज्याच्यावर मराठी माणसं चढली.

'सर्टिफाइड कॉपी'चं चित्रीकरण झालं तो आरेत्सो, कोर्तोना, लुचिन्यानोचा परिसर. आरेत्सोच्या युद्ध-दफनभूमीत भारतीय सैनिकांच्या दहनाचं स्मारक आहे. १९४४च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य रोमच्या उत्तरेला सरकत होतं आणि जर्मन फौजा एकेक टेकडी लढवत मागे हटत होत्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलैला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी अशाच एका ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, वय बावीस. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले, मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमी गन चालवली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, माणगावात पुतळा आहे.

मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला एसटी थांबते, आपण वडापाव घेतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं आहे. २०२३ साली उंब्रियातल्या मोन्तोने गावी घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभं राहिलं: सूर्यघड्याळ. मोन्तोनेही टेकडीवरचंच, तटबंदीचं, देखण्या इटालियन गावांच्या याद्यांमध्ये येणारं. घड्याळाचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं काहीसं. वाचलं तेव्हा मला आधी डायान लेनच्या चित्रपटाचं नाव आठवलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्या खोऱ्यातल्या ड्राइव्हचे व्हिडिओ मी किती पाहिले असतील. वर मशीनगन असेल तर हाच उतार कसा दिसेल, हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. कोणत्या वळणाला आडोसा आहे, सायप्रसच्या खोडामागे माणूस मावतो का. लोरेन्झेत्तीला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने वेशीवर फास टांगला.

तरीही वरच्या नजरेचा अर्थ दर वेळी बंदूक असाच होतो असं नाही, हे मला ज्या पुस्तकातून कळलं ते आयरिस ओरिगोचं. तीच ती, नागमोडी रस्त्याची मालकीण. तिच्याविषयी माझं मत सरळ नाही. पन्नासच्या वर कुळांची जमीनदारी, मुसोलिनीच्या शेतीसुधारणेच्या योजनांचा फायदा घेतलेली. आणि त्याच बाईने युद्धात बॉम्बहल्ल्यांतून आलेली मुलं घरी ठेवून घेतली, पळून आलेले कैदी लपवले आणि जीव धोक्यात घालून रोजनिशी लिहिली. ती 'वॉर इन वाल दोर्चा' या नावाने १९४७ साली छापली गेली. त्यात भाषेचा थाट नाही. दुधाचे डबे, डांग्या खोकला, आज कोण आलं, कोणाला पकडलं. ललित म्हणून वाचायला गेलात तर कंटाळाल. मला ते तोस्कानावरचं सगळ्यात चांगलं प्रवासवर्णन वाटतं, जरी त्यातला मुख्य प्रवास जेमतेम एका दिवसाचा आहे.

जून १९४४. आघाडी ला फोचेवर येऊन ठेपली, जर्मनांनी घर सोडायला सांगितलं. ओरिगो दांपत्य, साठेक माणसं, त्यातली निम्मी मुलं आणि तान्ही बाळं, असे सगळे मोन्तेपुल्चानोकडे पायी निघाले. ज्या भागात आज भाड्याची छोटी फियाट घेऊन लोक फिरतात, त्याच भागातून. कडेला सुरुंग असतील म्हणून रस्त्याच्या मधोमध चालायचं. वरून विमानांना मोठा घोळका दिसू नये म्हणून फुटून चालायचं. ऊन, तोफांचे गोळे, ढकलगाडीत बाळं, थकून रडणारी पोरं. किती तरी वेळ समोरच्या टेकडीवर गाव दिसतंय आणि ते जवळ येत नाही.

मोन्तेपुल्चानोच्या तटावर काही माणसं उभी होती. त्यांना खालच्या रस्त्यावर हे मुलांचं लेंढार दिसलं. कोण आहे, कुठून आलं, कोणाच्या बाजूचं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. ती माणसं वेशीतून बाहेर पडून उतारावरून खाली आली आणि त्यांनी मुलांना उचलून घेतलं.